कितीपैकी किती? : जनावरांच्या साथीचे मोजमाप

जनावरांत रोग उद्भवला म्हणजे गावाकडून दवाखान्याकडे पहिली जी वार्ता जाते, ती बहुधा एका आकड्याची असते. "आमच्या गावी सहा गुरे दगावली." वार्ता खरी असते आणि ती सांगणाऱ्याची कळकळही खरी असते. परंतु एवढ्याच आकड्यावरून रोग किती जोराचा आहे, तो कोणत्या दिशेने चालला आहे आणि लस प्रथम कोणत्या गावी न्यावी, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. लस, डॉक्टर आणि वाहन ही तिन्ही साधने मोजकीच असतात. ती चुकीच्या गावी आधी गेली, तर योग्य गावातील गुरे तेवढ्या दिवसांत हातची जातात. म्हणून रोगाचे मोजमाप हा केवळ कचेरीतील कागद भरण्याचा विषय नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

समजा, एका ओढ्याच्या दोन काठांवर दोन गावे आहेत. थोरल्या गावात ६०० गुरे आहेत. त्यांपैकी ३० आजारी पडली व ६ मेली. धाकट्या गावात गुरे अवघी ८०. त्यांपैकी १६ आजारी पडली व ४ मेली. नुसते आकडे ऐकणारा म्हणेल की, थोरल्या गावाची स्थिती अधिक वाईट, कारण तेथे आजारीही अधिक आणि मेलेलीही अधिक. आता शाळेत शिकलेला अंश व छेद येथे वापरून पाहू. थोरल्या गावात शंभरी ५ गुरे आजारी पडली. धाकट्या गावात शंभरी २०. थोरल्या गावात शंभरातील १ दगावले. धाकट्या गावात शंभरातील ५. रोगाचा जोर धाकट्या गावात चौपट ते पाचपट आहे, आणि ते गाव मात्र "चारच मेली" म्हणून यादीत खाली ढकलले गेले आहे.

अंश सर्वांनाच दिसतो, कारण मेलेले जनावर डोळ्यांपुढे पडलेले असते. छेद कोणाला दिसत नाही. तो आधी मोजून ठेवावा लागतो.

ही गोष्ट माणसांच्या रोगाबाबत ज्याने ठसठशीतपणे दाखवून दिली, त्या डॉक्टर जॉन स्नो यांचे उदाहरण साथरोगशास्त्राच्या प्रत्येक वर्गात सांगितले जाते, आणि ते येथेही सांगण्याजोगे आहे. १८५४ साली लंडन शहरात पटकीची मोठी साथ आली. पटकी दूषित हवेने होते, असा त्या काळच्या बहुतेक विद्वानांचा समज होता. स्नो यांना संशय होता तो पाण्याचा. शहराच्या दक्षिण भागात दोन खाजगी कंपन्या नळाने पाणी पुरवीत. एक कंपनी शहराची घाण जेथे नदीत मिसळे तेथूनच पाणी उचली; दुसरीने आपली जागा नदीच्या वरच्या अंगास, स्वच्छ पाण्याकडे हलविली होती. स्नो यांनी मेलेल्यांच्या घरी कोणते पाणी येत होते याचा शोध केला आणि प्रत्येक कंपनीचे पाणी एकूण किती घरांना जाते, हाही आकडा मिळविला. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत घाण पाण्याच्या कंपनीच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू झाले होते. स्वच्छ पाण्याच्या कंपनीच्या २६,१०७ घरांत ९८. आणि उरलेल्या साऱ्या लंडनमधील २,५६,४२३ घरांत १,४२२. मृत्यूंची नुसती बेरीज पाहिली तर उरलेले लंडन पहिल्या क्रमांकावर येते. परंतु दर दहा हजार घरांमागे हिशेब केला म्हणजे घाण पाण्यावर ३१५, स्वच्छ पाण्यावर सुमारे ३७ आणि अन्यत्र सुमारे ५५ असे मृत्यू पडतात. पटकीचा जंतू त्या वेळी स्नो यांना ठाऊक नव्हता. जंतू ठाऊक नसतानाही, केवळ छेद हाती असल्यामुळे, रोगाची वाट त्यांना सापडली. गावपातळीवरील कार्यकर्त्याजवळ सूक्ष्मदर्शक नसतो. परंतु गुरांची गणती त्याला करता येते.

तीन निराळी प्रमाणे

वर आपण दोन प्रमाणे काढली. कळपातील एकूण जनावरांपैकी किती आजारी पडली, ते लागणीचे प्रमाण. एकूण जनावरांपैकी किती मेली, ते मर्तुकीचे प्रमाण. याखेरीज तिसरे एक प्रमाण आहे, ज्याची दुसऱ्याशी नेहमी गल्लत होते. ते म्हणजे आजारी पडलेल्यांपैकी किती मेली. त्यास आपण रोगाची घातकता म्हणू. येथे छेद बदलतो. साऱ्या गावाची गुरे सोडून केवळ आजारी गुरे छेदस्थानी येतात.

हा भेद किती महत्त्वाचा आहे ते पाहा. २०० गुरांच्या एका गावात लाळ-खुरकुत आली. १५० गुरांच्या तोंडात व खुरांत फोड आले आणि ३ दगावली. तेवढ्याच गुरांच्या दुसऱ्या गावात पावसाळ्यात घटसर्प आला. ४ गुरांचे गळे सुजले आणि ३ दगावली. दोन्ही गावांत मर्तुकीचे प्रमाण सारखेच, शंभरी दीड. पण पहिल्या गावी लागण शंभरी ७५ आणि घातकता शंभरी २. दुसऱ्या गावी लागण शंभरी २ आणि घातकता शंभरी ७५. पहिल्या गावातील शेतकऱ्याचे खरे नुकसान मेलेल्या तीन जनावरांत नाही. ते आटलेल्या दुधात आणि ऐन पेरणीत खाली बसलेल्या बैलांत आहे. तेथे निरोगी गुरे वेगळी करणे, सामाईक पाणवठा टाळणे व सहा महिन्यांनी येणारी लस न चुकविणे, हे काम. दुसऱ्या गावी मात्र एका रात्रीचा उशीरही जनावराच्या जिवावर बेततो. ताप व गळ्याची सूज दिसताच औषध आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी लस, याला तेथे पर्याय नाही. उदाहरणांतील आकडे कल्पित असले, तरी या दोन रोगांची रीत अशीच आहे.

घातकतेचा आकडा काढताना एक सावधगिरी बाळगावी. दवाखान्यात २० जनावरे आली व त्यांपैकी ८ मेली, तर घातकता शंभरी ४० असे दिसते. परंतु दवाखान्यापर्यंत येतात ती अत्यवस्थ जनावरे. त्याच गावात आणखी ६० गुरे थोडीशी मलूल होऊन गोठ्यातच बरी झाली असतील, तर खरा हिशेब ८० पैकी ८, म्हणजे शंभरी १०. दवाखान्याची वही खोटी नसते, पण ती सारे गाव सांगत नाही. घरोघर विचारून केलेली मोजदाद येथे उपयोगी पडते. तसेच, साथ चालू असताना काढलेली घातकता अर्धवट असते. आज आजारी असलेल्या जनावरांपैकी काही उद्या बरी होतील व काही मरतील, त्यांचा निकाल अद्याप लागलेला नसतो.

आणखी एक. तीन गुरांपैकी एक मेले असता "शंभरी ३३" असे लिहू नये. हिशेब बरोबर असला तरी अर्थ फसवा होतो. छेद लहान असेल तेव्हा "तिघांपैकी एक" असेच लिहावे.

झरा आणि पाणी

विहिरीत आज किती पाणी आहे आणि झऱ्याने रोज किती नवे पाणी येते, हे दोन प्रश्न शेतकरी कधीही एक मानणार नाही. रोगाविषयी मात्र ही चूक सर्रास होते. ठरावीक काळात किती नवी जनावरे आजारी पडली, हे नव्या लागणीचे प्रमाण, हा झरा. आजच्या दिवशी किती जनावरांत रोग आहे, हे रोगाचे विद्यमान प्रमाण. हे विहिरीतील पाणी. झरा बारीक असला तरी उपसा नसेल तर विहीर भरते. झरा जोराचा असला तरी उपसा तेवढाच असेल तर तळ दिसतो.

सांसर्गिक गर्भपाताचा रोग भरलेल्या विहिरीसारखा आहे. लागण झालेली गाय बहुधा जन्मभर रोग बाळगते व वरून धडधाकट दिसते. एके दिवशी गावातील १०० गायींचे रक्त तपासले व ८ गायींत रोग आढळला, तर विद्यमान प्रमाण शंभरी ८ झाले. परंतु यावरून यंदा किती गायींना नवी लागण झाली, हे कळत नाही. आठही गायी पाच वर्षांपूर्वीच्या असू शकतील. (हा रोग माणसांसही होतो. गाभडलेल्या गायीचे वासरू व जार उघड्या हातांनी उचलू नयेत व दूध उकळूनच प्यावे.) या रोगावर ४ ते ८ महिने वयाच्या कालवडी व पारड्या यांना लस टोचतात. आजची विहीर तिने एका वर्षात आटत नाही, झरा मात्र बंद होऊ लागतो. दोन वर्षांनी पुन्हा रक्त तपासून "लस व्यर्थ गेली" असे म्हणणाराने आपण पाणी मोजले की झरा, हे आधी पाहावे.

घटसर्पाचे याच्या उलट. जनावर एक-दोन दिवसांत मरते किंवा उपचाराने सुधारते. पाहणी करणारा अधिकारी ज्या दिवशी येईल त्या दिवशी गावात एकही आजारी गुरू नसणे अगदी शक्य आहे, आणि तरीही त्या पावसाळ्यात दहा गुरे गेलेली असतील. एका दिवसाच्या पाहणीत रेंगाळणारे रोग ठळक दिसतात आणि झटपट मारणारे रोग नजरेतून सुटतात. अशा रोगांसाठी वर्षभर चालणारी नोंदच हवी.

आता काळाचा प्रश्न आलाच, तर ऊसतोडीच्या बैलांविषयी लिहिले पाहिजे. कारण आपल्याकडील कित्येक गावांचा छेद वर्षभर एकसारखा राहत नाही. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर इत्यादी जिल्ह्यांतून बैलगाड्या साखर कारखान्यांच्या मुलखात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. समजा, गावात १०० बैल आहेत व त्यांतील ६० बैल ५ महिने बाहेर असतात. गावात राहिलेल्या ४० बैलांचे १२ महिन्यांप्रमाणे ४८० आणि बाहेर गेलेल्या ६० बैलांचे ७ महिन्यांप्रमाणे ४२०, असे गावाच्या वाट्यास एकूण ९०० बैल-महिने येतात. गावात असताना वर्षभरात ९ बैल आजारी पडले, तर दर शंभर बैल-महिन्यांस एक, म्हणजे वर्षाकाठी शंभरी १२ अशी लागण झाली. नुसते १०० ने भागले असते तर ९ च दिसली असती. मजुराची हजेरी आपण दिवसांवर मांडतो, माणसांवर नव्हे. तोच हा न्याय. उलट बाजूने, ज्या कारखान्याच्या परिसरात हे बैल उतरतात तेथील कार्यकर्त्याने त्यांना आपल्या गणतीत धरले नाही, तर त्यांच्यातील रोग आपल्या गावाच्या खाती पडतो. शिवाय दोन्हीकडचा कार्यकर्ता "ते दुसऱ्याकडचे" म्हणून लस टोचण्याचे राहून जाते, ते निराळेच.

"लस टोचलेलीच आजारी पडली"

२०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात लंपी चर्मरोग दिसून आला व पाहता पाहता राज्यभर पसरला. भारतात हा रोग २०१९ साली प्रथम ओडिशात आढळला होता. गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले आणि शेळ्यांच्या देवीची लस गोवंशास मोठ्या प्रमाणावर टोचण्यात आली. अशा मोहिमेत हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे, "आजारी पडलेल्यांत निम्मी तर लस टोचलेलीच आहेत, मग लसीचा उपयोग काय?" या प्रश्नावर रागावू नये. तो शेतकऱ्याने विचारणे स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर छेदाखेरीज देता येत नाही.

समजा, गावात ५०० गाई-बैल. त्यांपैकी ४०० ना लस टोचली, १०० राहिले. साथ आली व ४० आजारी पडले: २० लस टोचलेले, २० न टोचलेले. बरोबर निम्मे! पण २० हे ४०० पैकी, म्हणजे शंभरी ५. आणि दुसरे २० हे १०० पैकी, म्हणजे शंभरी २०. लस नसती तर त्या ४०० मध्येही शंभरी २० च्या हिशेबाने ८० आजारी पडले असते. प्रत्यक्षात २० पडले. साठ जनावरे वाचली, म्हणजे संरक्षण शंभरी ७५. सर्वच्या सर्व ५०० ना लस टोचली असती तर आजारी पडणारे प्रत्येक जनावर लस टोचलेलेच असते, यात नवल ते काय?

तथापि हा हिशेब करतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. लस टोचल्यापासून शक्ती येण्यास दोन-तीन आठवडे लागतात; त्या अवधीत आजारी पडलेले जनावर वेगळे लिहावे. दोन्ही गट सारखे होते का, हेही पाहावे. न टोचलेल्या शंभरात मोकाट व हाडकुळी गुरेच अधिक असतील, तर ती एरवीही अधिक आजारी पडली असती व लसीचे श्रेय काही अंशी फुगलेले असेल. वासरांची वासरांशी व थोरांची थोरांशी तुलना केली म्हणजे बरीचशी फसगत टळते.

लसीचा दुसरा लाभ टोचून न घेणाऱ्यालाही मिळतो. एखाद्या रोगाचे एक जनावर सरासरी चार जनावरांस रोग देत असेल आणि कळपातील चारांपैकी तिघांना पुरते संरक्षण असेल, तर तो रोग एकाकडून एकाकडेच जाईल, वाढणार नाही. याहून अधिक संरक्षित असतील तर तो विझत जाईल. मात्र ही सरासरी साऱ्या गावाची असून चालत नाही. गावठाण पूर्ण आणि ओढ्यापलीकडची वस्ती कोरी, अशी स्थिती असेल तर कागदावर शंभरी ८० दिसूनही वस्ती पेटते.

कधी, कोठे, कोणती

साथीच्या पहिल्याच दिवशी चौकटीचा कागद घ्यावा. आडव्या रेघेवर तारखा मांडाव्यात आणि प्रत्येक नव्या आजारी जनावरासाठी त्या तारखेवर एक टिंब द्यावे. एवढ्या साध्या चित्रातून पुष्कळ गोष्टी उघड होतात. दुपारी चरून आलेल्या कळपातील नऊ गुरे एकाच संध्याकाळी आडवी झाली व दुसऱ्या दिवशी एकही नाही, तर टिंबांचा एकच मनोरा उभा राहील. असा मनोरा संसर्गाचा क्वचितच असतो. सर्वांनी एकाच वेळी खाल्लेल्या वा प्यायलेल्या वस्तूचा, उदाहरणार्थ ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांच्या विषबाधेचा, संशय धरावा. उलट, प्रथम एक टिंब, काही दिवसांनी तीन, पुन्हा काही दिवसांनी आठ, अशा पायऱ्या दिसल्या तर रोग एकाकडून दुसऱ्याकडे जात आहे. लाळ-खुरकुतीत लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः दोन दिवस ते दोन आठवडे जातात. म्हणून पहिल्या टिंबापासून तेवढे दिवस मागे जाऊन विचारावे: जनावर कोणत्या बाजारातून आले? कोणाचा कळप रस्त्याने गेला?

चित्रासोबत गावाचा कच्चा नकाशा व जनावराचे वय लिहावे. सहा महिने ते दोन वर्षांची, अंगाने चांगली भरलेली जनावरेच लंगडत मरत असतील तर फऱ्याकडे बोट जाते. थोराड व लहान सारखीच आजारी पडत असतील तर अन्य विचार करावा.

साथ म्हणजे नेमके काय, याचेही उत्तर मोजणीतच आहे. एखादा रोग दरसाल थोडाफार येत असेल तर तो त्या भागात ठाण मांडून बसलेला रोग होय. नेहमीपेक्षा स्पष्टपणे अधिक आजारी पडली म्हणजे साथ. पण "नेहमी" किती, हे ज्याने चांगल्या वर्षात लिहून ठेवले नाही, त्याला वाईट वर्ष वेळेवर ओळखता येत नाही. जेथे एकही जनावर दरसाल आजारी पडत नाही तेथे एकच रोगी ही साथ ठरू शकते.

बुळकांडीचा इतिहास याच गोष्टीचा आहे. गुरांच्या रोगांच्या अभ्यासासाठी पुण्यास १८८९ साली जी प्रयोगशाळा निघाली व १८९३ मध्ये हिमालयातील मुक्तेश्वरला हलविली गेली, तिच्यापुढील मोठा शत्रू हाच रोग होता. १९५४ पासून देशभर लसीची मोहीम चालली आणि रोग पुष्कळच कमी झाला, पण संपेना. शेवटच्या टप्प्यात निर्णायक ठरला तो शोध. गावोगाव जाऊन, बाजारांच्या वाटांवर उभे राहून, "तोंडात व्रण व पातळ हगवण असलेले जनावर आहे काय?" असे विचारीत फिरणे. देशातील अखेरचा उद्रेक १९९५ मध्ये झाला. त्यानंतर लस थांबवून कळपांचे रक्त तपासण्यात आले, कारण लस चालू असता रक्तातील शक्ती लसीची की रोगाची, हे कळत नाही. २००६ मध्ये भारत रोगमुक्त ठरला व २०११ मध्ये साऱ्या जगातून बुळकांडी नाहीशी झाल्याचे घोषित झाले. त्या शोधात बहुसंख्य गावांनी "शून्य" असे कळविले. हे शून्य कोऱ्या पानाहून फार निराळे आहे. "२४० जनावरे पाहिली, आजारी शून्य" ही माहिती आहे. कोरे पान म्हणजे कोणी गेलेच नाही, असाही अर्थ होतो.

वहीत काय लिहावे

गुरांची मोजदाद वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व दिवाळीनंतर, वस्तीवार करावी: गाई, बैल, म्हशी, वासरे, शेळ्या-मेंढ्या वेगवेगळ्या. बाहेर गेलेली व बाहेरून आलेली गुरे तारखेसह मांडावीत. रोग दिसल्यावर प्रत्येक जनावराच्या कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, वय, लक्षण दिसल्याची तारीख, लस कोणती व केव्हा, आणि शेवट काय झाला, हे लिहावे. आजारी न पडलेल्या जनावरांच्या लसीची नोंदही तितकीच आवश्यक आहे. तिच्यावाचून वरचा शंभरी पाच व शंभरी वीसचा हिशेब मांडताच येणार नाही.

वहीची वाट पाहत वर्दी अडवून ठेवू नये. जनावरांतील संक्रामक व सांसर्गिक रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्यानुसार, अनुसूचित रोगाचा संशय येताच मालकाने किंवा जनावर सांभाळणाऱ्याने गावच्या अधिकाऱ्यास अथवा ग्रामपंचायतीस कळवावयाचे असते व तेथून ती खबर जवळच्या पशुवैद्यकाकडे जावयाची असते. जनावर अकस्मात मेले असून नाकातोंडातून काळसर रक्त येत असेल तर काळपुळीचा, म्हणजेच फाशीचा, संशय धरून ते फाडू नये, कातडे काढू नये व पशुवैद्यक येईपर्यंत कुत्र्यांना त्याच्याजवळ फिरकू देऊ नये. वर्दी देताना आजारी किती, मेली किती, त्या कळपात व त्या वस्तीत एकूण किती, आणि पहिले जनावर कोणत्या तारखेस आजारी पडले, एवढ्या चार गोष्टी एकाच चिठ्ठीवर लिहून पाठवाव्यात.